गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचंय? आधी हा हिशेब करा

"रेपो कमी झाला म्हणतात, मग आमचा हप्ता का नाही उतरला?" २०२५ मध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न इतक्यांदा आला, की शेवटी मी उत्तर एकदाच लिहून ठेवलं आणि तेच चिकटवत गेलो. हा लेख म्हणजे तेच उत्तर, जरा सविस्तर.

आधी पार्श्वभूमी. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५० वरून ६.२५ टक्के केला, एप्रिलमध्ये ६.००, जूनमध्ये एकदम अर्धा टक्का उतरवून ५.५०, आणि डिसेंबरमध्ये ५.२५. वर्षभरात सव्वा टक्का. काहींचा व्याजदर या उतरणीबरोबर उतरलाच नाही. काहींचा उतरला, पण हप्ता होता तेवढाच राहिला. आणि बऱ्याच जणांना आपलं कर्ज नेमकं कशाला बांधलंय हेच ठाऊक नव्हतं. तिन्ही दुखणी वेगळी आहेत, त्यामुळे ऊठसूट बँक बदलायला धावू नका.

पायरी १: कर्ज कशाला बांधलंय ते शोधा

कपाटातली फाईल काढा आणि मंजुरीपत्र, म्हणजे सँक्शन लेटर, वाचा. नसेल सापडत तर बँकेच्या अ‍ॅपमधून कर्जाचं स्टेटमेंट उतरवून घ्या. त्यात चारपैकी एक शब्द दिसेल.

आरएलएलआर किंवा ईबीएलआर असेल तर तुमचं कर्ज बाहेरच्या दराला, बहुतेक वेळा रेपोला, जोडलेलं आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना फ्लोटिंग दराची नवी गृहकर्जं अशीच द्यावी लागतात, आणि रेपो बदलला की निदान तीन महिन्यांत एकदा तुमचा दरही बदलावा लागतो. एमसीएलआर असेल तर कर्ज साधारण २०१६ ते २०१९ या काळातलं. तिथे दर बँकेच्या स्वतःच्या खर्चावर ठरतो आणि बहुधा वर्षातून एकदाच, ठरलेल्या तारखेला बदलतो. बेस रेट असेल तर एमसीएलआरच्याही आधीच्या, २०१० पासूनच्या पद्धतीत तुम्ही अजून अडकून आहात. चौथा प्रकार गृहवित्त कंपन्यांचा. त्यांच्या पत्रात आरपीएलआर किंवा असाच काही स्वतःचा दर लिहिलेला असतो. रेपोला जोडण्याची सक्ती त्यांना नाही, त्यामुळे तो कधी आणि किती उतरवायचा हे कंपनीच ठरवते.

रेपोवाल्यांसाठी एक सोपी चाचणी. जानेवारी २०२५ मध्ये दर ९.२५ होता, तर डिसेंबरची कपात खात्यात आल्यावर तो ८.०० दिसला पाहिजे. दिसत असेल तर तुमची बँक नियमाने वागते आहे, थेट पायरी २ वर जा.

पायरी २: हप्ता सोडा, मुदत बघा

हप्ता तोच दिसला की माणूस निर्धास्त होतो, आणि फसगत तिथेच होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो ४.०० वरून ६.५० वर गेला होता. तेव्हा बहुतेक बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली. ग्राहकाला कळलंही नाही. समजा ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ६.७५ टक्के. हप्ता २२,८११ रुपये. दर ९.२५ झाला की ३० लाखांवर एका महिन्याचं नुसतं व्याजच २३,१२५ होतं. म्हणजे अख्खा हप्ता भरूनही मुद्दल एक रुपयाने कमी होत नाही, उलट वाढतं. ज्यांनी कर्ज नुकतंच घेतलं होतं त्यांची वीस वर्षं अशीच लांबत निवृत्तीच्या पलीकडे गेली.

यावर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढलं: दर वाढला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे ग्राहकाला विचारायचं, आणि हप्त्यातून व्याजही वसूल होत नाही अशी वेळ येऊ द्यायची नाही. विचारलं गेलं का? मेलच्या ढिगाऱ्यात कुठे तरी विचारलं असेल.

तर स्टेटमेंटवर "उर्वरित महिने" हा आकडा शोधा. कर्ज घेतल्यापासून किती महिने गेले ते मोजा. दोन्हींची बेरीज मूळ मुदतीपेक्षा जास्त येत असेल, तर उतरलेल्या दराचा फायदा सध्या ती वाढलेली मुदत परत कमी करण्यात जातोय. वाईट नाही ते. पण ठाऊक असायला हवं.

पायरी ३: आधी आपल्याच बँकेचं दार वाजवा

बँका नव्या गिऱ्हाइकाला जो दर देतात तो जुन्याला आपणहून देत नाहीत. मागितला तर मात्र पुष्कळदा देतात. तुमच्या दराचे दोन भाग असतात: एक रेपो, आणि दुसरा त्यावर बँकेने चढवलेला स्प्रेड. रेपो सगळ्यांना सारखाच. फरक स्प्रेडचा. तुमचा २.७५ आणि आज कर्ज घेणाऱ्या शेजाऱ्याचा २.२५ असू शकतो. पूर्वी स्प्रेडमधला, तुमची पत सोडून उरलेला भाग बँकेला तीन वर्षांतून एकदाच बदलता येत असे, आणि शाखेत हेच कारण पुढे केलं जाई. १ ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहकाच्या फायद्यासाठी तो त्याआधीही कमी करण्याची मुभा बँकांना मिळाली आहे. ते कारण आता चालायचं नाही.

शाखेत तोंडी विचारू नका, कारण तोंडी उत्तर "सिस्टीममध्ये होत नाही" हेच येतं. अर्ज द्या, पोच घ्या. मजकूर एवढाच पुरे: "माझ्या गृहकर्ज खात्याचा सध्याचा व्याजदर अमुक आहे. नव्या ग्राहकांना आपण अमुक दराने कर्ज देत आहात. माझी परतफेड नियमित आहे. स्प्रेड कमी करून किंवा रेपो-आधारित दरात रूपांतर करून मिळावं आणि त्याचं शुल्क किती ते लेखी कळवावं. अन्यथा कर्ज दुसरीकडे नेण्यासाठी कागदपत्रांची यादी आणि फोरक्लोजर लेटर द्यावं." फोरक्लोजर लेटर म्हणजे कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र. शेवटच्या वाक्याने अर्जाला पाय फुटतात. तुमच्या हातात दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र असेल तर आणखी लवकर.

रूपांतराला शुल्क लागतं. कुठे ठरावीक काही हजार, कुठे शिल्लक मुद्दलाच्या टक्क्यात, वर १८ टक्के जीएसटी. या शुल्कातही घासाघीस होते.

पायरी ४: कागद-पेन्सिल

आता खरा हिशेब. शिल्लक मुद्दल ३२ लाख, उरलेली १६ वर्षं, दर ९.२५. हप्ता साधारण ३१,९९० रुपये. दुसरी बँक ८.०० देते आहे. मुदत तीच ठेवली तर हप्ता २९,६०० च्या आसपास येतो, महिन्याला सुमारे २,३९० वाचतात, १६ वर्षांत साडेचार लाखांहून थोडे जास्त.

पण हप्ता जुनाच, ३१,९९० चालू ठेवलात तर? १९२ महिन्यांचं कर्ज १६६ महिन्यांत संपतं. सव्वादोन वर्षं आधी, आणि एकूण बचत साधारण साडेआठ लाख. तेच कर्ज, तोच दर, फक्त हप्ता कमी करून घ्यायचा मोह टाळला म्हणून जवळपास दुप्पट. मला विचाराल तर घरखर्चाची ओढाताण नसेल तर हप्त्याला हात लावू नका. नवी बँक मात्र आपणहून कमी हप्ताच लावते, कारण "तुमचा हप्ता इतका उतरला" असं सांगायला बरं पडतं. त्यामुळे अर्जातच मुदत १४ वर्षं मागा.

खर्चाची बाजू. महाराष्ट्रात घराची मूळ कागदपत्रं बँकेत ठेवून तारण दिलं की त्यावर मुद्रांक शुल्क लागतं, आणि बँक बदलली की ते नव्याने. ५ लाखांवरच्या कर्जाला सध्या ०.३ टक्के, म्हणजे ३२ लाखांवर ९,६००. मग दुय्यम निबंधकाकडे द्यायची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे तारण दिल्याची सूचना, तिचं वेगळं शुल्क. ही नोटीस तारणाच्या तारखेपासून ३० दिवसांत दाखल व्हावी लागते. प्रोसेसिंग फी पाव टक्का धरली तर ८,००० अधिक जीएसटी. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि घराचं मूल्यांकन धरून आणखी काही हजार. सगळं मिळून २८,००० धरू. महिना २,३९० च्या बचतीने हा खर्च वर्षभरात निघतो.

आता तुलना करा. समजा तुमचीच बँक ६,००० रुपये घेऊन ८.२५ देते. हप्ता ३०,०७० च्या जवळपास. दुसऱ्या बँकेपेक्षा महिन्याला ४७० जास्त, पण सुरुवातीचा खर्च २२,००० ने कमी. ते २२,००० भरून निघायला जवळजवळ चार वर्षं लागतात. एवढ्यासाठी दोन महिने हेलपाटे घालायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी नाही घालणार. पण तुमची बँक पाव टक्का कपातीवरच अडून बसली असेल आणि फरक अर्ध्या-पाऊण टक्क्याचा राहत असेल, तर खुशाल बदला.

कर्जाची शेवटची चार-पाच वर्षं उरली असतील तर हा खटाटोप सोडून द्या. तोवर बरंचसं व्याज भरून झालेलं असतं. त्यापेक्षा बोनसचे पैसे मुद्दलात भरा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला बँकांना २०१२ पासून बंदी आहे. कोणी मागितला तर लेखी मागा म्हणावं, विषय तिथेच मिटतो.

पायरी ५: बँक तुमच्याइतकंच घरही तपासते

नवख्यांचं इथे हमखास अडतं. आपल्याला वाटतं सिबिल स्कोअर चांगला आहे, पगार चांगला आहे, काम झालं. पण नवी बँक घराची तपासणी पहिल्यापासून करते. जुन्या बँकेने दहा वर्षांपूर्वी ज्याकडे काणाडोळा केला ते नवीन वकिलाच्या नजरेतून सुटत नाही.

भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत हा पहिला अडसर. बिल्डरच्या ओळखीतून, त्याच्याच बँकेकडून घेतलेलं कर्ज अशा इमारतीत सहज मिळून गेलेलं असतं, आणि दुसरी बँक ते प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मागते. गुंठेवारीतली (शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून बांधलेली) घरं, एनए म्हणजे बिगरशेती न झालेली जमीन, भोगवटादार वर्ग २ ची (विकायला सरकारी परवानगी लागणारी) जमीन यांतही तेच. जुना फ्लॅट तीन हातांतून आला असेल तर आधीच्या सगळ्या करारांची साखळी लागते, नोंदणीच्या पावत्या आणि इंडेक्स २ (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) यांसकट. मधला एक करार हरवलेला निघाला की महिना गेला समजा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर ते आधी बदलून घ्या. सोसायटीची एनओसी लागते, आणि कमिटीची सभा महिन्यातून एकदाच होते, हेही वेळापत्रकात धरा.

दुसरा मुद्दा पुनर्विकासाचा. कोथरूड, एरंडवणे, मुलुंड, बोरिवली, जिथे बघाल तिथे जुन्या सोसायट्या पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. तुमच्या सोसायटीने विकसक निवडला असेल तर कर्ज हलवायला ती वेळ नव्हे. तारण ठेवलेली भिंतच पडणार असते, नवी बँक बिचकते. जिथे करार अजून दूर आहे तिथेही मूल्यांकनाला आलेला माणूस इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहितो आणि कर्जाची मुदत त्याहून कमी ठेवायला लावतो.

तिसरा, बाजारभाव. आपल्या मनातली किंमत आणि व्हॅल्युअरची किंमत यात अंतर असतं, खास करून शहराच्या कडेला जिथे शेकडो नवे फ्लॅट विक्रीला उभे आहेत आणि बिल्डरच मॉड्युलर किचन फुकट देतोय. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८०, आणि त्यावर ७५ टक्के ही मर्यादा. शिल्लक कर्ज ४२ लाख आहे आणि घर ५० लाखांचं ठरलं, तर नवी बँक ४० लाखच देईल. वरचे दोन लाख तुमच्या खिशातून. हे शेवटच्या आठवड्यात कळण्यापेक्षा सुरुवातीलाच शेजारपाजारच्या अलीकडच्या व्यवहारांचे भाव विचारून ठेवा.

सहमालक परदेशात असेल, मुलगा-सून अमेरिकेत आणि फ्लॅट पुण्यात असं आपल्याकडे घरोघरी, तर कुलमुखत्यारपत्र आधी तयार करा. तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन आलेलं पत्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. मसुदा बँकेचाच वापरा, नाहीतर पत्र सातासमुद्रापार परत जातं.

पायरी ६: प्रत्यक्ष बदली

क्रम पाळा. जुन्या बँकेकडून वर्षभराचं स्टेटमेंट आणि त्यांच्या ताब्यातल्या मूळ कागदपत्रांची यादी, म्हणजे एलओडी. नव्या बँकेत अर्ज आणि मंजुरी. मंजुरीबरोबर मिळणारं की फॅक्ट स्टेटमेंट नीट वाचा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे, आणि त्यात सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना जाहिरातीतल्या दरावर नको, या आकड्यावर करा. मग जुन्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर. कर्ज हलवण्याच्या विनंतीवर हरकत असेल तर जुन्या बँकेने २१ दिवसांत कळवायचं असतं. या २१ दिवसांत त्यांच्या रिटेन्शन डेस्कचे, म्हणजे ग्राहक टिकवणाऱ्या विभागाचे, गोड फोन येतात. जो दर आधी "सिस्टीममध्ये नव्हता" तो आता सापडलेला असतो. मिळत असेल तर घ्या, त्यात मानापमान कसला.

फोरक्लोजर लेटरवर एक तारीख असते आणि त्यापुढे दर दिवसाचं व्याज. ३२ लाखांवर ९.२५ ने ते दिवसाला ८११ रुपये. धनादेश दोन दिवस उशिरा पोचला तर तेवढी रक्कम खात्यात येणे राहते आणि कर्ज बंद होत नाही. माझ्या बाबतीत असंच हजार-बाराशे रुपये राहून गेले होते. कोणी कळवलं नाही, आणि दीड महिन्याने सिबिलवर ते खातं चालूच दिसलं. त्यामुळे धनादेश देताना काउंटरवर त्या दिवसाचा नेमका आकडा विचारा आणि फरक जागच्या जागी भरा. जुना हप्ता खातं बंद होईपर्यंत चालू ठेवा. तो मध्येच थांबवला की थकबाकी धरली जाते.

नवी बँक कर्जाबरोबर विमा गळ्यात मारू पाहील. कर्जाच्या रकमेत मिळवलेला एकरकमी हप्ता असेल तर त्यावरही १५ वर्षं व्याज भरावं लागतं. विमा हवा असेल तर साधा टर्म विमा बाहेरून स्वतंत्र घ्या. टॉप-अपचं, म्हणजे त्याच घरावरच्या जादा कर्जाचंही तसंच. घरदुरुस्तीला खरंच पैसे हवे असतील तर पर्सनल लोनपेक्षा तो स्वस्त, पण "मिळतोय म्हणून" घेतलेल्या टॉप-अपने बदलीची सगळी बचत खाऊन टाकलेली घरं मी पाहिली आहेत.

पायरी ७: मागची आवराआवर

कर्ज फेडल्यापासून ३० दिवसांत सगळी मूळ कागदपत्रं परत करणं जुन्या बँकेवर बंधनकारक आहे. चूक तिची असेल तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासूनचा हा नियम शाखेतल्या माणसाला ठाऊक नसेल तर परिपत्रकाची प्रत दाखवा. एलओडीतल्या यादीवर एकेक कागद टिक करतच घ्या, गठ्ठा तसाच नव्या बँकेकडे जाऊ देऊ नका. घरी येऊन एक संपूर्ण स्कॅन करून ठेवा.

नो ड्यूज पत्र घ्या. सरसाईच्या, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, नोंदणीत जुन्या बँकेचा बोजा उतरला का विचारा. गावाकडचं घर किंवा प्लॉट असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढवलेला बोजा आपोआप जात नाही. बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, फेरफारासाठी अर्ज द्यावा लागतो. शहरात मालमत्ता पत्रकावर नोंद असेल तर नगर भूमापन कार्यालयात. सोसायटीच्या दप्तरात जुन्या बँकेचा लिएन (तारणहक्काची नोंद) असतो, तोही काढून नव्या बँकेचा लावायला सेक्रेटरीला पत्र द्या. दीड-दोन महिन्यांनी मोफत सिबिल अहवाल काढा आणि जुनं खातं बंद दिसतंय का पाहा. नाही दिसलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर.

ज्या वर्षी बदली झाली त्या वर्षाची व्याजाची प्रमाणपत्रं दोन्ही बँकांकडून घ्या. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर मिळणारी २ लाखांपर्यंतची वजावट बदललेल्या कर्जालाही चालू राहते, पण एप्रिल ते बदलीपर्यंतचं व्याज जुन्या बँकेच्याच कागदावर असतं. खातं बंद झाल्यावर त्यांचं अ‍ॅप उघडत नाही, म्हणून ते प्रमाणपत्र नो ड्यूज घ्यायला जाल त्याच दिवशी मागून घ्या.